एका सामाईक कुंडीची कैफियत

महसूल खात्याच्या निरनिराळ्या कचेऱ्यांत ३४ वर्षे कारकुनी केलेल्या, आणि त्यांतील निम्मी वर्षे भाऊबंदांच्या खातेफोडीचे अर्ज वाचण्यात घालविलेल्या माणसाने, एकाच मातीवर चौघांची नावे चढविली असता पुढे काय होते हे पुरतेपणी ठाऊक असतानाही, स्वतःच्या ओसरीवरील एका कुंडीत चार भिन्न स्वभावांच्या वनस्पती एकत्र नांदविण्याचा घाट घालावा, ही गोष्ट दुसऱ्या कोणी मला सांगितली असती तर मी तिच्यावर विश्वास ठेवला नसता. परंतु ती मी स्वतः केली, आणि एकदा नव्हे, स्थळ बदलून दोनदा केली. तिचे जे परिणाम झाले ते अरेका पाम घरी आणू इच्छिणाऱ्या, विशेषतः आमच्या यावल-रावेरच्या उन्हात आणू इच्छिणाऱ्या मंडळींच्या कानी घालावेत, एवढ्यासाठी ही कैफियत लिहून ठेवीत आहे.

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी शाल आणि श्रीफळ यांच्या जोडीला हिरव्यागार झावळ्यांची एक कुंडी माझ्या हाती ठेवली. तिच्यावरील चिठ्ठीत ‘अरेका’ एवढेच लिहिले होते, आणि अरेका म्हणजे सुपारी एवढे तुटपुंजे ज्ञान मला असल्यामुळे, आता चार-सहा वर्षांत घरचीच सुपारी कातरावयास मिळणार या कल्पनेने माझ्यासारखा पान खाणारा मनुष्य हुरळून गेला. हे नावाचे प्रकरण पुढे मी सवडीने तपासले. लिनियसने १७५३ साली सुपारीच्या झाडाला जे शास्त्रीय नाव दिले त्यातील ‘अरेका’ हा शब्द मलबारातील ‘अडक्का’चा पोर्तुगीजांच्या तोंडी झालेला अवतार असून, त्याचाच कन्नड भाऊबंद ‘अडके’ आपल्या अडकित्त्यात अजून शाबूत आहे. मात्र शोभेसाठी विकला जाणारा अरेका पाम म्हणजे ती पोफळ नव्हेच. तो मूळचा मादागास्कर बेटाच्या पूर्वेकडील दमट प्रदेशातला, एका बुंध्यातून वेळूसारखी अनेक खोडे काढणारा, पिवळसर देठांचा निराळाच ताड आहे. वेंडलँड या जर्मन पंडिताने १८७८ मध्ये त्याची क्रिसालिडोकार्पस या नावाने नोंद केली, १९९५ मध्ये ती रद्द होऊन तो डिप्सिस झाला, आणि २०२२ मध्ये पुन्हा फेरफार होऊन जुने नाव कायम झाले. एखाद्या वादग्रस्त गट नंबरासही लाजवील असा हा इतिहास आहे. रोपवाटिकेतील माळी मात्र या सर्व फेरफारांकडे कानाडोळा करून त्याला अरेकाच म्हणतात, आणि ते काही वावगे करीत नाहीत. चूक झाली ती माझी, कारण नावावरून नाते गृहीत धरून पोफळीचे नियम मी या परक्याला लावले. पण ते दुसरे प्रकरण, आधी कुंडीचे.

पुण्यास असणाऱ्या माझ्या भाच्याने त्याच सुमारास मला मोबाइलवर एक जुने भाषण ऐकविले. दिल्लीच्या हवेने ज्यांच्या फुप्फुसांची शक्ती ७० टक्क्यांवर आली होती त्या कमल मीटल यांनी २००९ साली केलेले हे भाषण असून, आपल्या पहाडपूर बिझनेस सेंटरमध्ये त्यांनी तीन वनस्पतींच्या साहाय्याने हवा कशी सुधारली याचा वृत्तांत त्यात आहे. दिवसा प्राणवायू देणारा अरेका पाम खांद्याएवढा उंच असा माणशी चार, रात्री प्राणवायू देणारा स्नेक प्लांट, ज्याला थट्टेखोर मंडळी सासूची जीभ म्हणतात, तो कमरेएवढा असा माणशी सहा ते आठ, आणि विषारी वायू शोषणारा मनी प्लांट. मला त्या त्रयीचे एवढे अप्रूप वाटले की, आपल्या ओसरीवर इतक्या कुंड्या ठेवण्यास जागा नाही तेव्हा तिघांनाही एकाच मोठ्या कुंडीत लावावे म्हणजे जागाही वाचेल आणि पाणीही, असा हिशेब मी मांडला. वरती रंगाची उणीव भासू नये म्हणून एक लाल-पिवळा क्रोटनही कडेला खोचून दिला. त्या गृहस्थांनी या वनस्पती एका इमारतीत ठेवावयास सांगितल्या होत्या, एका कुंडीत नव्हे. परंतु ऐकणाऱ्याला आपल्या सोयीचे तेवढे ऐकू येते, हा प्रकार सुनावणीच्या वेळी मी पक्षकारांच्या बाबतीत शेकडो वेळा पाहिला होता. (हवा शुद्ध होण्याविषयी सांगावयाचे तर, अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या कमिंग्ज आणि वॉरिंग या संशोधकांनी २०१९ मध्ये जुन्या प्रयोगांची फेरतपासणी करून असा निष्कर्ष काढला की, खिडक्या-दारांतून सहज होणाऱ्या वायुवीजनाची बरोबरी करावयाची तर दर चौरस मीटरला १० पासून १००० पर्यंत झाडे लागतील. मी आता खिडकी उघडतो, आणि झाड झाडासाठी ठेवतो.)

त्या कुंडीचा संसार पहिले तीन महिने दृष्ट लागावा असा चालला. येणारे-जाणारे थांबून पाहत. पुढे फाल्गुन सरला, ओसरीच्या फरशीवर दुपारी अनवाणी पाय ठेववेना, आणि अरेकाच्या पानांची टोके तपकिरी होऊ लागली. तो पाणी मागत होता. मी सकाळ-संध्याकाळ पाणी घातले, तेव्हा अरेका थोडा सावरला, पण स्नेक प्लांटचे एक उभे, जाड पान बुंध्याशी मऊ होऊन कलंडले, दोन दिवसांनी दुसरे कलंडले. पाणी कमी केले तर अरेकाची टोके पुन्हा करपू लागली आणि क्रोटनने पाने गाळण्यास प्रारंभ केला. मनी प्लांट मात्र या सर्व तंट्यात तटस्थ राहून अरेकाच्या खोडांवर चढत होता, आणि बाहेरून पाहणारास त्या हिरवेपणामुळे कुंडी फार सुखात आहे असे वाटत होते. आषाढाच्या पहिल्या आठवड्यात मी ती पोत्यावर पालथी करून रीतसर पंचनामा केला. स्नेक प्लांटचा कंद कुजून त्यास दुर्गंधी आली होती. अरेकाच्या मुळांनी कुंडीच्या तळाशी वेटोळी घालून तळाचे भोक जवळजवळ बुजविले होते. मनी प्लांटच्या बारीक मुळ्या त्या वेटोळ्यांत अशा गुंतल्या होत्या की एकाची सोडवणूक करताना दुसऱ्याची मुळे तुटल्याशिवाय राहिली नाहीत.

या प्रसंगात मला सर्वांत अधिक खजील करणारी गोष्ट पुढे वाचनातून कळली. स्नेक प्लांट रात्री श्वास घेतो म्हणून ज्या गुणाचे आपण कौतुक करतो, तो गुण त्याला हौसेने आलेला नाही. तो आफ्रिकेतील कोरड्या जागांतला असल्यामुळे दिवसा पानांची रंध्रे मिटून घेतो आणि रात्रीच्या गारव्यात ती उघडतो, म्हणजे अंगातील पाणी उडत नाही. जाड पानांत त्याने पाण्याचा साठा केलेला असतो तो याच कारणाने. निवडुंग आणि कोरफड यांचाही शिरस्ता हाच. म्हणजे ज्या दाखल्यावर मी त्याला अरेकाच्या शेजारी बसविले, त्याच दाखल्यावर तो कोरडवाहू खातेदार असल्याचे स्वच्छ लिहिले होते आणि अरेका हा पाटाच्या पाण्यावरचा. कचेरीत असे कागद पुढे आले असते तर मी दोघांचे गाव नमुने वेगळे केले असते. घरी मात्र पानांचा रंग पाहून सही ठोकली.

आता दुसऱ्या प्रमादाकडे येतो. त्याचा पसारा अधिक, आणि त्यापासून शिकावयाचेही अधिक.

कुंडीतून सुटलेला अरेका मी परसात जमिनीत लावला. आमची जमीन काळी, कसदार, पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी असल्यामुळे मी खड्ड्यात पोयटा, वाळू आणि कुजलेले शेणखत घातले; एवढे शहाणपण केले. परंतु सुपारीचे नाते अजून डोक्यातून गेले नव्हते. श्रीवर्धनला माझ्या साडूंचे आगर आहे. तेथे पोफळीच्या रांगांमधून केळी उभ्या असलेल्या मी पाहिल्या होत्या, आणि केळीला तर आमच्या तालुक्यात तोटा नाही. २०१६ साली जिला भौगोलिक मानांकन मिळाले त्या जळगाव केळीचे निम्मे वैभव यावल आणि रावेर या दोन तालुक्यांच्या मळ्यांतच आहे असे आम्ही मानतो. तेव्हा शेजारच्या मळ्यातून तीन कंद मागून आणले आणि अरेकाच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड हातावर लावून टाकले. पहिल्या वर्षी त्या केळींनी अशी काही गार सावली धरली की उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला तरी अरेकाचे एक पान भाजले नाही. मी साडूंना पत्राने कळविले की कोकणची विद्या खानदेशात रुजली.

दुसऱ्या वर्षी केळी निसवल्या. त्याच पावसाळ्यात अरेकाच्या खालच्या, जुन्या झावळ्यांवर नारिंगी-पिवळे बारीक ठिपके उठले; उजेडासमोर धरले असता पान अर्धपारदर्शक दिसे; पुढे कडा वाळून आत वळू लागल्या. हा काही रोग असावा अशा समजुतीने मी त्या सर्व झावळ्या बुडापासून कापून काढल्या. महिन्याभरात तेच ठिपके त्यांच्या वरच्या झावळ्यांवर आले. मी त्याही कापल्या. झाड वरून-वरून बारीक होत गेले, नवी पाने आखूड निघू लागली, आणि दिवाळीपर्यंत त्याची अवस्था आजारातून उठलेल्या मनुष्यासारखी झाली.

कंद देणारे शेजारचे मळेवाले, ज्यांनी सारा जन्म केळीत काढला, एके दिवशी सहज परसात आले. त्यांनी केळीच्या घडांकडे पाहून समाधानाने मान हलविली, अरेकाकडे पाहून कपाळाला आठी घातली, आणि म्हणाले, “भाऊसाहेब, दोन खादाडं एका ताटात बसोले, तं उपाशी कोन राहीन?”

त्या एका वाक्यात जे निदान होते ते समजण्यास मला चार पुस्तके चाळावी लागली. केळ ही पालाशाची, म्हणजे पोटॅशची, विलक्षण भुकेली वनस्पती आहे. घड भरावयाचा तर तिला ते जमिनीतून भरपूर उपसावे लागते आणि बागाईतदार ते मोजून देतात. ताडवर्गीय झाडांनाही नेमकी तीच भूक असते, आणि अरेकात पालाशाची उणीव पडली म्हणजे तिची खूण जुन्या पानांवर अशाच ठिपक्यांनी उमटते. कारण हे द्रव्य झाडाच्या अंगात फिरते राहते. जमिनीतून मिळेनासे झाले की झाड म्हाताऱ्या पानांतून ते काढून कोवळ्या पानांना पुरविते. म्हणजे जी पिवळी पाने मी निरुपयोगी म्हणून कापीत होतो ती त्याची शिल्लक होती. वरून केळीसाठी म्हणून मी युरिया टाकीत होतो, त्याने पाने वाढून पालाशाची ओढ आणखीच तीव्र झाली. ज्यांच्याकडे असे ठिपके दिसतील त्यांनी पान पूर्ण वाळेपर्यंत कापू नये, थोडे थोडे सल्फेट ऑफ पोटॅश मॅग्नेशियमच्या जोडीने द्यावे, आणि धीर धरावा. बिघडलेली पाने सुधारत नाहीत. नव्या पानांनी झाड भरून निघण्यास वर्ष-दीड वर्ष लागते. चुलीतील राखेत पालाश असते म्हणून ती टाकण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला, परंतु आमची काळी जमीन आधीच विम्लधर्मी. राखेने तो धर्म वाढतो आणि लोह मिळेनासे होऊन नवी पाने पिवळी पडतात. तो उपाय तांबड्या मातीच्या मुलखास बरा.

मग कोकणात हेच जोडपे सुखाने कसे नांदते, हा प्रश्न राहतोच. तो मी पुढच्या खेपेस साडूंच्या आगरात, हातात टेप घेऊन सोडविला. पोफळीत पोफळीपासून अंतर सुमारे नऊ फूट, आणि केळ त्या चौकोनाच्या मध्यावर. पोफळीला आणि केळीला खत वेगळे, आळी वेगळी. केळ तेथे ठेवलेली असते ती मुख्यतः रोपाच्या बाळपणासाठी, कारण पोफळीच्या कोवळ्या खोडाला नैर्ऋत्येकडून येणारे दुपारचे ऊन भाजते आणि भाजलेले खोड पुढे त्याच जागी चिरते. पोफळ मोठी झाली म्हणजे केळ बरखास्त होते आणि तिच्या जागी खोडावर मिरीचा किंवा नागवेलीचा वेल, मधल्या सावलीत जायफळ, दालचिनी, खाली अननस, असे दुसरे कुटुंब वस्तीस येते. शिवाय समुद्रावरची ओल हवेतच असते. मी त्या नात्यातील केळ तेवढी उचलून आणली होती. अंतर, खत, मुदत आणि हवा ही चारही श्रीवर्धनलाच राहिली.

आणखी एक आघात बाकी होता. ज्येष्ठाच्या आरंभी आमच्याकडे जे वादळ येते आणि उभ्या बागा एका रात्रीत आडव्या करते, त्याने माझी एक केळ घडासकट अरेकावर पाडली. केळीचे खोड म्हणजे पानांच्या सोपटांची गुंडाळी, त्यात लाकूड नाही. डोक्यावर घडाचा भार आणि वरून वावटळ, मग ती उभी राहणार कशी? अरेकाची दोन खोडे शेंड्याशी मोडली. ताडाच्या प्रत्येक खोडाला वाढीचा एकच कोंब असतो. तो गेला की ते खोड संपले, बाजूने फांदी फुटत नाही. संतापाच्या भरात मी केळीचे गड्डे कुदळीने खणून काढावयास बसलो, आणि खणता खणता पांढऱ्या दोरखंडासारखी जी मुळे सपासप तुटत होती ती केळीची नसून अरेकाची आहेत, हे अर्धे काम झाल्यावर लक्षात आले. ताडाची मुळे बहुतेक वरच्या हातभर मातीतच पसरतात. म्हणून ज्यास अरेकाच्या पायाशी काही लावावयाचे असेल त्याने ते अरेकाबरोबरच, दोन्ही लहान असताना लावावे. मागाहून कुदळ घेऊन जाऊ नये. केळीचे गड्डे जमिनीलगत कापून जागीच कुजू द्यावयास हवे होते, आणि मधली पिले उगवताच कोयत्याने उडवावयास हवी होती. हे आमच्याकडील शेतमजुराच्या पोरालाही ठाऊक असते; मला नव्हते.

इतके नुकसान सोसल्यावर जे काही पदरी पडले ते असे. अरेकाला सोबती निवडताना पाने, रंग, उंची यांचा विचार मी अगदी शेवटी करतो. रोपवाटिकेत मात्र आपले डोळे प्रथम तेथेच जातात. आधी विचारावयाचे ते तहानेविषयी. अरेकाची माती वरून बोटभर सुकली की त्याला पाणी हवे, पण साचलेले नको. तेव्हा ज्याला आठ-पंधरा दिवस पाणी नसलेले मानवते, असे कोरफड, निवडुंग, स्नेक प्लांट, अडेनियम, फार काय बोगनवेलसुद्धा, त्याच्या मातीत लावू नये. त्याच ओसरीवर, स्वतःच्या कुंडीत, खुशाल ठेवावे. याच्या उलट स्पायडर प्लांट, सिंगोनियम, मारांटा, पावसाळ्यापुरता नेचा, जमिनीत असेल तर सोनटक्का आणि सावलीच्या कडेला कर्दळ, यांची तहान त्याच्याशी जुळते. कर्दळीचे कंद पसरतात तेवढे ध्यानात ठेवावे. हळद शोभते, पण माघ-फाल्गुनात ती काढावयाची म्हटले की पुन्हा खणणे आले. मी ती काढीत नाही, तशीच मरू देतो, आणि मृगाच्या पावसानंतर ती आपोआप वर येते.

दुसरी गोष्ट उन्हाची. कोकणात किंवा मुंबईत अरेकाने सकाळपासून दुपारपर्यंत ऊन खाल्ले तरी चालत असेल; यावलात चैत्रापासून मृगापर्यंतचे दुपारचे ऊन त्याला पांढरे पाडते. म्हणून येथे सोबत्याचे पहिले कर्तव्य सावली देणे हे होय, आणि तीही पश्चिम आणि नैर्ऋत्य या दिशांनी. आमचे बागाईतदार केळीच्या पश्चिम-दक्षिण बांधावर शेवरी किंवा गजराज गवत लावून झळा अडवितात. तीच रीत परसात लहान प्रमाणात चालते. मी चार हात अंतर सोडून त्या बाजूस गोडनिंब आणि तगर लावली आहेत. दोन्ही उन्हात तगतात, त्यांची खाण्याची ओढ बेताची, आणि गोडनिंबाची पाने रोज फोडणीस जात असल्यामुळे छाटणी वेगळी करावी लागत नाही. जास्वंदही लावून पाहिली होती. तिच्यावर पिठ्या ढेकूण आला, तिच्यावरून तो अरेकाच्या देठांच्या बेचक्यांत शिरला, आणि तेथून त्याला कापसाच्या बोळ्याने पुसून काढताना एक पूर्ण हिवाळा गेला. जास्वंद अंगणाच्या दुसऱ्या टोकास असावी हे बरे. कोरड्या उन्हाळ्यात पानांच्या पाठीवर लाल कोळी धरतो, त्याला आठवड्यातून दोनदा पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. दाटीने लावलेल्या सोबत्यांमुळे हा फवारा पानांच्या पाठीपर्यंत पोहोचत नाही, म्हणून मधून हात फिरेल इतकी मोकळीक असावी.

पाण्याच्या गुणाविषयी मी फार उशिरा सावध झालो. अरेकाला क्षार सोसत नाहीत. सतत बोअरचे जड पाणी दिले की पानांची टोके करपतात आणि आपण शेजाऱ्यावर आळ घेत बसतो. सातपुड्याच्या पायथ्याचे आमचे भूजल वर्षानुवर्षे उपशाने खोल गेले आहे, आणि त्याची चव आता जिभेलाही कळते. पावसाचे पाणी दोन पिंपांत साठवून ते मी कुंडीतल्या झाडांना आधी देतो, आणि महिन्यातून एकदा कुंडीच्या तळातून वाहून जाईपर्यंत भरपूर पाणी घालून साचलेले क्षार धुऊन काढतो. साबणाचे पाणी वर्ज्य.

घरात रांगती मुले असतील त्यांच्यासाठी एक इशारा. अरेका स्वतः निरुपद्रवी आहे. मांजराने चावला तरी काही होत नाही. परंतु त्याच्या शेजारी हमखास ठेवला जाणारा डिफेनबेकिया, आणि काही अंशी मनी प्लांटही, पानांत सुईसारखे स्फटिक बाळगतात, ज्यांनी तोंड व घसा सुजतो. कण्हेर तर त्याहून घातक. माझ्या नातवाच्या आगमनापूर्वी मी या मंडळींची बदली गच्चीवर केली.

वडील सांगत, १९३६ च्या डिसेंबरात आमच्याच तालुक्यातील फैजपूरला काँग्रेसचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन भरले तेव्हा शांतिनिकेतनहून आलेल्या नंदलाल बोस यांनी सारे नगर बांबूने आणि आसपासच्या गावांत मिळणाऱ्या साध्यासुध्या सामानाने सजविले होते. ते पाहून आल्यावर आमच्या आजोबांना घरातील विलायती झुंबराची लाज वाटली आणि त्यांनी ते विकले. मला ती गोष्ट परसात काम करताना आठवते. अरेका परका आहे आणि परकाच राहणार. हिवाळ्यात पारा १० अंशांच्या खाली उतरला की तो कुडकुडतो, उन्हाळ्यात भाजतो. पण त्याच्या भोवतीची वस्ती तरी येथलीच असली म्हणजे त्याच्या खस्ता निम्म्याने कमी होतात, एवढे पाहण्यात आले आहे. केळीची वाळलेली पाने मी अजूनही मळ्यातून आणतो, परंतु केवळ आच्छादनासाठी. त्यांच्याखाली माती ओली राहते आणि भेगा पडत नाहीत.

आता अरेकाची सात खोडे आहेत, मोडलेल्या दोहोंचे खुंट दिसतही नाहीत. त्याच्या सभोवार कोणते रोप किती अंतरावर, कोणाचे पाणी किती, याचा एक कागद मी तयार करून ओसरीच्या भिंतीला लावला होता, आणि कोणाही घरच्या माणसाने विनापरवाना काही लावू नये असा तोंडी हुकूमही दिला होता. गेल्या पावसाळ्यात पाहतो तो अरेकाच्या पूर्वेस, जेथे स्वयंपाकघरातील तांदूळ-भाजी धुतलेले पाणी मोरीतून बाहेर पडते नेमके तेथे, अळूची पाच-सहा पाने पानाच्या तबकाएवढी झालेली. माझ्या कागदावर त्यांची नोंद नव्हती. चौकशीअंती असे निष्पन्न झाले की सौभाग्यवतींनी श्रीवर्धनहून बहिणीकडचा एक कांदा पदरात बांधून आणला होता आणि मी दुपारी झोपलो असताना तो बोटाने माती उकरून खोचला होता. तहान, सावली, खत यांपैकी कशाचाही तपास त्यांनी केलेला नव्हता. “पाणी वाहतंय तिथं अळू लावायचा, एवढं विचारायला कचेरीत कशाला यायचं?” असे त्यांचे म्हणणे पडले. मी नमते घेतले. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याच पानांच्या वड्या झाल्या. मळेवाल्यांकडे एक वाटी पाठविली, आणि कागदावर पूर्वेच्या बाजूस शिसपेन्सिलीने अळूचे नाव चढविले.